थोरली, धाकटी आणि मधली तार

"जोशी, ही तुमची तार घ्या परत. आणि एकदाचं सांगून टाका, दोष कशात हाय?"

कुलकर्णी साहेबांनी दोन्ही की-बोर्ड माझ्या काउंटरवर आदळले नाहीत एवढंच. आवाज मात्र आदळल्यासारखाच होता. बाहेर त्यांची रिक्षा उभी होती, तिच्यात मास्तर बसून होते. आत यायला तयार नव्हते.

हिंगोलीच्या एसटी डेपोजवळ माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता, त्यामुळं कचेरी नवी आणि कारकून जुने असा सगळा मामला. कुलकर्णी त्यातलेच एक. कचेरीत ते टपालाच्या टेबलावर बसत आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवत. भावगीतं, भक्तिगीतं, लग्नातली गाणी. गाणारे तेच, मालक तेच. आवाज खरोखर चांगला होता. स्वभावाबद्दल मी बोलत नाही, कारण माझा स्वतःचा काही कौतुकाचा नाही.

रिक्षातले मास्तर म्हणजे रामराव राठोड. सेनगावकडच्या एका तांड्यावर त्यांची थोडी शेती. लहानपणी एका भजनी बुवांजवळ हार्मोनियम शिकले, पुढं की-बोर्डवर आले. की-बोर्डलाही ते पेटीच म्हणायचे. त्या आधीच्या वर्षी सोयाबीनच्या मळणीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, मधलं आणि त्याच्या शेजारचं. उजवा हात शाबूत. पण की-बोर्डवाल्याचा उजवा हात चाल वाजवतो आणि डावा हात मागचा भरणा देतो. तो भरणा गेला की गाणं उघडं पडतं. पूर्वी भरण्याला दुसरा एक वादक होता, तो नोकरी लागून गाव सोडून गेला. म्हणजे आता एकतर मास्तरांनी एका हातानं दोघांचं काम करायचं, नाहीतर कुलकर्णींनी दोन्ही हातांचा वादक आणायचा. वाशीमला असा एक जण होता आणि कुलकर्णींच्या डोक्यात तो बरेच दिवस घोळत होता.

यावर उपाय मीच सुचवला होता. मिडी.

मिडी म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. की-बोर्डच्या मागं पाच भोकांची गोल सॉकेटं असतात. एकावर लिहिलेलं असतं आउट, दुसऱ्यावर इन. पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये केबल टाकली, की पहिल्यावर पट्टी दाबताच दुसराही वाजतो. दुसऱ्याला हात लावायचीच गरज नाही. पहिल्यावर फ्लूट ठेवा, दुसऱ्यावर व्हायोलिनचा ताफा ठेवा, एका हातात दोन्ही आवाज. लोकांना वाटतं तारेतून आवाज जातो. आवाज जात नाही. तारेतून चिठ्ठी जाते. कितव्या नंबरची पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. कुलकर्णींना मी म्हटलं होतं, "साहेब, ही तार म्हणजे तुमच्या कचेरीतला चपराशी. कागद नेऊन देतो, वाचत नाही." त्यांना ते एकदम पटलं होतं.

सेनगावला एका लग्नात त्यांचा कार्यक्रम ठरला होता, त्याच्या चार दिवस आधी मी ही जोडणी करून दिली होती. त्या आधी कुलकर्णींनी घरीच प्रयोग केला होता. माळ्यावरच्या जुन्या टेप-डेकची पाच पिनांची केबल काढली आणि आउट आउटला जोडलं. सारखं नाव सारख्या नावाला, कचेरीचा हिशोब. दोन चपराशी चिठ्ठ्या घेऊन समोरासमोर उभे, घेणारा कोणीच नाही. शिवाय टेपच्या केबलमध्ये पिनांची जोडणी वेगळी असते, मिडीला ती चालत नाही. मी नवे प्लग घेतले, चौथी पिन चौथीला, पाचवी पाचवीला, आणि मधल्या पिनेला तारेवरची जाळी सोल्डर केली. दोन्हीकडं चॅनल एक लावला. चॅनल म्हणजे घर नंबर. चिठ्ठीवर एक लिहिलं असेल तर एक नंबरवाल्यानंच ती उघडायची. मास्तर पहिलीला थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. त्यांनी थोरलीची पट्टी दाबली आणि दोन्ही पेट्या एका दमात बोलल्या. मास्तरांचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि सेनगावच्या लग्नात भर दुपारी, वरातीसमोर, पहिल्याच गाण्याला वाट लागली.

"काय झालं नक्की?" मी कुलकर्णींना विचारलं.

"काय झालं? मी तोंड उघडलं आन् मागून दोन पेट्या भांडायला लागल्या. फ्लूट एकीकडं, व्हायोलिन दुसरीकडं. लोक हसून राहिले! नवरदेवाचा मामा मला म्हंतो, साहेब, बसा जरा, पानी प्या."

"मग?"

"मग काय! धाकटी पेटी बंद केली आन् उघड्या फ्लूटवर कशीबशी वेळ मारून नेली."

मी केबल घेतली, मीटर लावला. कंटिन्युइटी बघितली, म्हणजे तार कुठं तुटली आहे का ते. एकही पिन तुटलेली नव्हती. प्लग हलवून बघितला, वाकवून बघितला. दोन्ही की-बोर्ड जोडले, चॅनल तपासला, मीच दोन बोटांनी सारेगम वाजवलं. फ्लूट आणि व्हायोलिन गळ्यात गळा घालून वाजले. जनरेटरच्या लाईटनं काही झालं असेल म्हणून व्होल्टेज कमीजास्त करून पाहिलं. काही फरक नाही. अर्धा तास मी ते चालू ठेवलं. कुलकर्णी हाताची घडी घालून बघत होते.

"मशीन ठीक आहे," मी म्हटलं.

"तार?"

"तारही ठीक आहे."

"म्हंजे मंग हातात दोष हाय."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. मला काही माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं होतं. पण स्वतःचं काम निर्दोष निघालं याचा मला इतका आनंद झाला होता, की मी नुसते खांदे उडवले आणि म्हटलं, "ते तुम्ही बघा. माझ्याकडून सगळं बराबर आहे."

कुलकर्णींनी मान हलवली. आठ दिवसांवर रामनवमी होती. देवळात सकाळी दहापासून त्यांची गाणी असत, बाराला पाळणा. त्या देवळाची पूजा आमच्याच घराण्याकडं, वडील तिथं रोज असायचे, म्हणून मला तो कार्यक्रम चांगला ठाऊक. कुलकर्णी म्हणाले, "देवळात फजिती न्हाई चालायची. वाशीमवाल्याला निरोप धाडतो." पेट्या माझ्याकडंच ठेवून ते गेले. रिक्षा सुरू झाली तेव्हा मास्तरांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा टेप उघडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तर मास्तर पायरीवर बसलेले. पहिल्या जीपनं आले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी.

"जोशीदादा, एक इचारायचं हाय. खरं सांगा. मनात काही ठेवू नका."

"विचारा की."

त्यांनी डावा हात माझ्या काउंटरवर ठेवला. दोन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. तो हात ते एरवी उपरण्याखाली ठेवायचे.

"साहेब म्हंतात, जोशीनं सांगितलं, हातात दोष हाय. उजव्याची बोटं बी आता बिघडून राहिली का? मला तर समजून न्हाई राहिलं. तुमाला समजलं असल तर सांगून टाका. मी पेटी सोडून देतो. फुकट लोकांचा कार्यक्रम काहून खराब करावा?"

माझं तोंड उतरलं. मी असं म्हटलं नव्हतं, आणि असं म्हटल्यातच जमा होतं. मी त्यांना आत बसवलं, समोरच्या टपरीवरून चहा मागवला. मग सरळ धंद्याचं बोललो.

"मास्तर, लग्नात तुम्हाला काय ऐकू आलं? कुलकर्णींनी सांगितलं ते सोडा. तुमच्या कानाला काय आलं?"

"फ्लूट बराबर होती. साहेबाच्या पट्टीत, काळी दोनमध्ये. व्हायोलिन तीन पट्ट्या वर. काळी तीनमध्ये."

"तीन? अंदाजे?"

"अंदाजे काहून? बराबर तीन. पयल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तीन. एकदा बी दोन न्हाई, एकदा बी चार न्हाई."

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या धंद्यात बिघाडाचे दोन प्रकार. एक येतो-जातो, तो सैल जोडाचा. दुसरा कायम एकसारखा राहतो. सैल तार कधी तीन-तीन मोजून चुकत नाही, आणि माणसाचं बोटही नाही. शिवाय दोन्ही पेट्या एकाच बोटानं वाजत होत्या. बोट चुकलं असतं तर दोन्ही सारख्याच चुकल्या असत्या. ही एवढी सरळ गोष्ट कालच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होती. पण काल मी मीटरला विचारलं, मास्तरांना विचारलंच नाही. वर ते पंधरा पावलांवर रिक्षात बसलेले होते!

"मास्तर, हात बिलकुल चांगला आहे तुमचा," मी म्हटलं. "चूक कुठं आहे ते मला अजून सापडलं नाही. पण ती तुमच्या बोटात नाही, हे मी लिहून देतो."

त्यांनी डावा हात काउंटरवरच राहू दिला.

पेट्या पुन्हा जोडल्या. "लग्नात वाजवलं तेच गाणं वाजवा," मी म्हटलं. वाजवलं. अगदी स्वच्छ. दुसरं वाजवलं. स्वच्छ. हळू, जलद, जोरात. एकदाही भांडण नाही. मी पेट्यांची जागा बदलली, लाईटचा बोर्ड बदलला, पंखा बंद केला. दुकानात सगळं शहाण्यासारखं चालायचं. डॉक्टरच्या दारात गेलं की पोटदुखी थांबते, तसला प्रकार.

"लग्नात जे जे होतं ते इथं पाहिजे," मी वैतागून म्हटलं. "काय नाही इथं?"

मास्तरांनी इकडं तिकडं बघितलं. "मांडव न्हाई, माणसं न्हाई. साहेब बी न्हाईत."

मग मी सायकल काढली आणि कचेरीत गेलो. कुलकर्णी नुकताच डबा खाऊन पान लावत होते.

"दुकानात येऊन गाऊ? डेपोसमोर? लोक काय म्हंतील, जोशी?"

"लोक म्हणतील कुलकर्णी साहेब गातात. तसंही म्हणतातच."

"वाशीमवाल्याला निरोप गेलाय पन."

"जाऊ दे. मला बिघाड शोधायचाय. मी काल तुम्हाला अर्धवट सांगितलं. चला."

कुरकुर करत आले. दुकानात स्टुलावर बसले, घसा साफ केला. आणि मास्तर एकदम बदलले. कणा ताठ झाला, टोपी सारखी केली. दोन्ही पेट्या बंद करून पुन्हा चालू केल्या, दोघींना हात लावून कपाळाला लावला. मग अदबीनं विचारलं, "साहेब, काळी दोन?"

"काळी दोन."

मास्तरांनी थोरल्या पेटीवरचं बटण तीनदा दाबलं. टक, टक, टक. डिस्प्लेवर तीन आलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत तोच हात धाकटीकडं गेला. टक, टक, टक.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो, की कुलकर्णी स्टुलावरून उठलेच.

हे बटण ट्रान्स्पोजचं. आमच्याकडं गाणारा आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतो. काळी दोन, पांढरी चार, काळी पाच, ज्याची त्याची. हार्मोनियमवर वादकाला त्या त्या पट्टीपासून बोटं बसवावी लागतात. की-बोर्डवर ते कष्ट नाहीत. वादक आपला सवयीनं पांढरी एकपासूनच वाजवतो, आणि ट्रान्स्पोजचं बटण दाबून मशीनला सांगतो, आवाज एवढ्या पट्ट्या चढव. पांढरी एक ते काळी दोन, मधली काळी-पांढरी सगळी मोजून, तीन पट्ट्या. म्हणून तीन टक.

"मास्तर, दोन्ही पेट्यांवर काहून लावलं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "मंग? गाणारा बसायच्या आधी सगळी वाद्यं त्याच्या पट्टीला लावाय लागतात. आमच्या बुवांनी पयल्या दिवशी शिकवलं. गाणाऱ्याच्या समोर बिनसुराचं वाद्य ठेवू न्हाई. त्याचा अपमान हाय तो."

"आणि माझ्या दुकानात का नाही लावलं कधी?"

"इथं गाणारं कोन होतं?"

घ्या! दुकानात गायक नव्हता, म्हणून पट्टी लावायचं कारण नव्हतं. बंद करून चालू केल्या की दोन्ही पेट्या शून्यावर, म्हणून सगळं गोड. गायक आला की मास्तर रिवाजाप्रमाणे दोन्हींना तीन-तीन लावणार. दोन माणसं दोन पेट्या वाजवायची तेव्हा ते बरोबरच होतं, आणि त्या काळात दोन्ही पेट्यांना सूर मास्तरच लावून द्यायचे. मधे तार आली आणि गणित बदललं. थोरली पेटी चिठ्ठी लिहिताना तीन पट्ट्या चढवूनच लिहीत होती. धाकटीनं ती वाचली आणि तिच्या स्वतःच्या डिस्प्लेवरही तीन, म्हणून आणखी तीन चढवल्या. फ्लूट काळी दोन, व्हायोलिन काळी तीन. मास्तरांच्या कानानं सांगितलं होतं ते तंतोतंत.

मी दोघांसमोर करून दाखवलं. केबल काढली, दोन्हींवर तीन, वेगवेगळं वाजवलं. दोन्ही बरोबर. केबल लावली. भांडण! धाकटी शून्यावर आणली. गळ्यात गळा.

कुलकर्णी हळूच खाली बसले. "म्हंजे मास्तरांनी मला मान द्यायला लावलेला सूर..."

"व्हय. आणि मशीनला ते दोनदा झालं."

"तुमाला हे माहीत नव्हतं, जोशी? चढवलेलाच नंबर तारेतून जातो म्हून?"

"नव्हतं," मी म्हटलं. "सेकंडहँड पेट्या, माहितीचं पुस्तक नाही. मी गृहीत धरलं. आणि काल हातात दोष आहे असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी गप्प बसलो, ते तर फारच वाईट केलं. मास्तर, माफ करा मला."

"असू द्या, दादा," मास्तर म्हणाले, पण त्यांचा चेहरा चिंतेतच होता. "पन धाकटीला सूर न लावता बसू कसा? माझं मन न्हाई होत."

आता या प्रश्नाला माझ्या आयटीआयमध्ये उत्तर नव्हतं. मी तारेवर बोट ठेवलं. "मास्तर, तिला सूर लागतोच की. तुम्ही थोरलीला लावता, तोच तारेतून धाकटीला जातो. तुमच्याच हातचा."

मास्तर तारेकडं बघत राहिले. बोटानं थोरलीपासून धाकटीपर्यंत ती चाचपली. "म्हंजे थोरली समजली की धाकटीला येगळं सांगायचं काम न्हाई."

"बिलकुल नाही. सांगितलं की बिघडते."

ते हसले. लग्नानंतर पहिल्यांदा हसत होते.

कुलकर्णी मात्र कारकून माणूस. "वाशीमवाल्याला येऊ द्या," ते म्हणाले. "निरोप परत घेतला आन् ऐन वेळी हे बिघडलं तर? मास्तर, पयलं गाणं तुमी वाजवा. जमलं तर पुढची बी तुमचीच. न्हाई जमलं तर तो बसल. राग मानू नका."

"राग कशाचा साहेब," मास्तर म्हणाले. "बराबर हाय."

मला राग आला होता, पण मी कुठल्या तोंडानं बोलणार!

रामनवमीला सकाळी नऊलाच ऊन चढलं होतं. देवळाचा मंडप भरला. मी केबल स्वतः लावली, चॅनल बघितला आणि वाद्यांपासून दहा हातांवर खांबाला टेकून उभा राहिलो. वाशीमचे वादक आले होते. चांगले पन्नाशीचे, शांत गृहस्थ. आपला की-बोर्ड गवसणीत ठेवून बाजूला सतरंजीवर बसले. मास्तरांनी त्यांना वाकून नमस्कार केला. मग थोरलीवर तीन टक, धाकटीला नुसता हात लावून कपाळाला. कुलकर्णींनी सूर धरला.

दोन्ही पेट्या एकच बोलल्या. पहिलं कडवं झालं आणि माझा श्वास खाली आला. वडील गाभाऱ्यातून डोकावून गेले. मी तारा जोडण्याचा धंदा काढला म्हणून ते माझ्यावर कायमचे नाराज असत. त्या दिवशी थांबून ऐकलं.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर लाईट गेली.

माइक मेला, पंखे थांबले, दोन्ही पेट्या गप्प. कुलकर्णी तसेच मोकळ्या आवाजात गात राहिले, टाळ्यांच्या ठेक्यावर. मिनिटभरात मागं जनरेटर सुरू झाला, दिवे आले. पण त्या पेट्या बंद झाल्या की सगळं विसरतात. ट्रान्स्पोज पुन्हा शून्य. मास्तरांना चालू गाण्यात, घाईत, सगळं परत लावायचं होतं. घाईत माणूस शिकवलेलं विसरतो आणि सवयीचं करतो. ही सवय तर त्यांच्या हातात तीस वर्षं मुरलेली.

मी ओरडू शकत नव्हतो. देऊळ होतं, समोर वडील होते. वाशीमचे गृहस्थ गवसणीची चेन उघडू लागले होते.

मास्तरांनी दोन्ही पेट्या चालू केल्या. थोरलीवर फ्लूट, धाकटीवर व्हायोलिन. थोरलीवर टक, टक, टक. हात धाकटीकडं निघाला. मी खांब घट्ट धरला. बोट बटणावर जाऊन टेकलं. आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी उपरण्याखालचा डावा हात बाहेर काढला, सगळ्या मंडपासमोर, आणि उरलेल्या बोटांनी उजव्या हाताचं मनगट धरून तो धाकटीवरून उचलला, थोरलीवर आणून ठेवला. कुलकर्णींनी ध्रुवपद उचललं तेव्हा फ्लूट आणि व्हायोलिन दोन्ही त्यांच्या पट्टीत हजर होते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाचं म्हणून पुसलं.

शेवटच्या गाण्यापर्यंत मास्तरांनीच वाजवलं. बाराला पाळणा झाला. सुंठवडा वाटताना कुलकर्णी सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या मास्तरांना पयले द्या." वाशीमच्या गृहस्थांनी आपल्या गवसणीची चेन कधीच परत लावली होती. जाताना माझ्यापाशी आले, म्हणाले, "ती तार तुमी बनवली? मला बी एक करून द्या. माझ्याकडं बी दोन पेट्या हायेत." मी दिली करून. बटणाचंही सांगितलं, न विसरता.

मास्तरांनी पुढं बरीच वर्षं त्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. लाईट तर आमच्याकडं रोजच जायची, पण तो डावा हात नंतर कधी उपरण्याखाली दिसला नाही.

माझ्या दुकानात मात्र एक पद्धत पडली. कोणी की-बोर्ड दुरुस्तीला आणला की मी म्हणायचो, वाजवणाऱ्याला घेऊन या, आणि जमलं तर गाणाऱ्यालाही. गावात चेष्टा व्हायची, जोश्याकडं पेटी न्यायची तर अख्खा ऑर्केस्ट्रा रिक्षात घालून न्यावा लागते म्हणून. होऊ दे. आणि "मशीन ठीक आहे" हे वाक्य मी त्या रामनवमीपासून सोडून दिलं. आता म्हणतो, "माझ्यासमोर तर ठीक चाललं. तुमच्याजवळ काय होतं, ते बसून सांगा."